आत्यांना टेमेरिटी झाली

इंग्रजी हा बारावीपर्यंत माझा माजाचा विषय. मार्क फार पडायचे असं नाही, पण इंग्रजीच्या तासाला बाकीच्या मुली मान खाली घालायच्या आणि मी तेवढी वर ठेवायची. एवढ्या भांडवलावर लग्नानंतरची सगळी वर्षं मी जळकोटात 'आपल्याला इंग्रजी येतं' असं समजून काढली. दुकानात नवीन माल आला की पुड्यावरचं मीच वाचून दाखवायची. "ह्यात बदाम हाय म्हणून लिवलंय," असं मी म्हणायची आणि गिऱ्हाईक माझ्याकडं डॉक्टरकडं बघावं तसं बघायचं. पुड्यावर बदामाचं चित्र छापलेलंच असायचं, ती गोष्ट वेगळी.

आमचं किराणा दुकान हायवेला लागून आहे. पुढं दुकान, मागं घर. दुकानात मालक, म्हणजे माझे यजमान, आणि मी, घरात माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. त्यांचं माहेर कर्नाटकात, सीमेपासून जवळच. त्यामुळं राग आला की त्या कानडीत बोलतात, आणि कौतुक करायचं असलं की कुठल्याच भाषेत बोलत नाहीत.

लेक पुण्याला शिकायला गेली. एकदा फोनवर तिच्या मैत्रिणी होत्या, त्यांना मी म्हणाले, "हॅलो, हाऊ आर यू, जेवण झालं का?" लेकीला काय वाटलं तिचं तिला माहीत, पण दुसऱ्या दिवशी तिनं मला एका व्हॉट्सॲप ग्रुपात घातलं. घरातल्या बायकांसाठी इंग्रजी. एक मॅडम रोज सकाळी एक शब्द पाठवायच्या, त्याचा अर्थ सांगायच्या आणि म्हणायच्या, "आज दिवसभर हा शब्द घरातल्या बोलण्यात वापरा. शब्द वहीत ठेवला की कुजतो, तोंडात ठेवला की मुरतो." संध्याकाळी आपली वाक्यं बोलून पाठवायची. मी गोदामात जाऊन, ज्वारीच्या पोत्यांच्या मधे उभी राहून बोलायची. तिथं माझा आवाज बातम्या देणाऱ्या बाईसारखा येतो असं मला वाटायचं. मॅडमचं 'व्हेरी गुड' आलं की ते मालकांना ऐकवायचं. एकदा ऐकून त्यांना पुरत नसेल असं वाटून पुन्हा ऐकवायचं.

सुरुवातीला शब्द सोपे होते. बिझी, फ्रेश, टायर्ड. हे तर आमच्याकडं हमालालाही येतात. मग एक दिवस मी ग्रुपात लिहिलं, 'मॅडम, थोडे अवघड शब्द पाठवा. हे आम्हाला येतात.' लिहिलं 'आम्हाला', पण म्हणायचं होतं 'मला', आणि ते सगळ्यांना कळलं असावं, कारण कुणीही अंगठा पाठवला नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनं शब्द पाठवला, 'टेमेरिटी'. अर्थ सांगितला, अविचारी धाडस. पुढचामागचा विचार न करता, समोर कोण आहे ते न बघता दाखवलेला धीटपणा.

मला तो शब्द फार आवडला. 'डेअरिंग' हा शब्द आमच्या गावात कधीचा आलाय. पण तो इतका वापरलाय की आता त्यात काही राहिलं नाही. तीन सीट मोटारसायकल चालवणाऱ्या पोरात डेअरिंग असतं, कुंपण मोडून जाणाऱ्या म्हशीतसुद्धा डेअरिंग असतं. टेमेरिटीची गोष्ट निराळी होती. सकाळी भाकरी थापताना मी तो शब्द निदान अर्धा तास घोळवला. भाकरी करपली. मालकांनी बघितलं आणि काही न बोलता खाल्ली.

मग वापरायला सुरुवात केली. आधी मांजर सापडलं. ते दुधाच्या पातेल्याकडं निघालं होतं. मी म्हणाले, "कॅट, व्हॉट टेमेरिटी!" ते थांबलं, माझ्याकडं बघितलं आणि पुढं गेलं. नंतर दुकानात एक ओळखीचे म्हातारे गिऱ्हाईक आले. त्यांना शेंगदाण्याच्या पोत्यात हात घालून बोलत बोलत मूठभर खायची सवय. मी गोड हसून म्हणाले, "काका, तुमची टेमेरिटी लई वाढायली बरं का."

ते चावायचे थांबले. "नवीन आलीया का? एक पुडा बांधा, नातीला न्हेतो. क्रीमची हाय का साधी?"

मालक गल्ल्यावर बसून ऐकत होते. "सकाळपासनं हे काय लावलंस?" ते म्हणाले. मी त्यांना अर्थ सांगितला. ते म्हणाले, "मग आगाऊपणा म्हण की." एवढ्या सुंदर शब्दाचा असा भुगा केल्यावर माणसानं काय बोलायचं?

दुपार झाली आणि आत्या निघाल्या.

आत्यांचं हे रोजचं होतं. हायवेच्या पलीकडं त्यांची मैत्रीण राहते. आम्ही त्यांना खाला म्हणतो. रस्ता साधा होता तेव्हा दोघी एकाच हापशावर पाणी भरायच्या, रमजानच्या शेवया आणि आमच्या पाडव्याची पुरणपोळी इकडून तिकडं जायची. पुढं रस्ता चौपदरी झाला, मधे दुभाजक आला, आणि हैदराबादकडं जाणारे ट्रक दोघींच्या मधून वाहायला लागले. खालांचे गुडघे गेलेले, शिवाय त्यांना त्या रस्त्याकडं नुसतं बघून गरगरायचं. म्हणून त्या इकडं येत नसत. गावाच्या टोकाला पलीकडं जायला बोगदा आहे, पण तो आत्यांच्या चालीनं लांब. त्या सरळ रस्त्यावर उतरायच्या. नऊवारी लुगडं, कपाळाला विभूती, काखेत पिशवी. उजवा हात आडवा करून पंजा दाखवायच्या, जसा एखाद्या अडाणी बैलाला दाखवावा, आणि ट्रककडं न बघता चालू लागायच्या. ट्रक थांबायचे. दुभाजकावर चढायच्या, तिथल्या कण्हेरीतून पलीकडं उतरायच्या, पुन्हा हात. मी रोज गल्ल्यावरून बघायची आणि रोज डोळे मिटून घ्यायची. मालक म्हणायचे, "तिला सांगून बघितलंय. तुला सांगायचं तर सांग." मला सांगायचं नव्हतं.

त्या दिवशी आत्या पलीकडं उतरल्या तेव्हा माझ्याजवळ शेजारच्या शिलाईवाल्या वहिनी उभ्या होत्या. त्या दोऱ्याची रिळं घ्यायला आल्या होत्या. बाई मनानं फार चांगली, कुणाच्या पायात काटा मोडला तरी हिच्या डोळ्यांत पाणी. असं वाक्य सांगायला ह्याहून चांगलं माणूस आणि ह्याहून चांगला प्रसंग मिळणार नव्हता. मी सुस्कारा सोडून म्हणाले, "बघितलंव का वहिनी? आमच्या आत्यांना लई टेमेरिटी हाय."

"काय म्हन्लाव?"

"टेमेरिटी."

वहिनींच्या हातातलं रीळ तसंच राहिलं. "कवापासनं?"

"पहिल्यापासनंच असंल. पण वय वाढायलंय तशी जास्तच वाढायलीया."

"आगं माय! आन दिसाया तर किती चांगल्या दिसतेत."

"दिसण्यावर काय असतंय? ती आतून असती."

"आवशद-बिवशद काय चालू हाय का न्हाय?"

मला वाटलं, वहिनी गंमत करायल्यात. मीही हसत म्हणाले, "ह्याला कुठलं औषध आलंय? आता त्यांच्यासंगंच जायची ती."

वहिनींनी माझा हात धरला. "तुम्ही हासत सांगायलाव, पर मला कळतंय तुमच्या मनाला काय होत असंल. धीर सोडू नका." आणि रिळं न घेताच त्या निघून गेल्या.

मला काय वाटलं असेल? मला वाटलं, इंग्रजीचा परिणाम झाला. संध्याकाळी गोदामात उभी राहून मी ग्रुपात पाठवलं, "माय मदर इन लॉ हॅज टेमेरिटी. शी हॅज इट फ्रॉम चाइल्डहूड."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी एक बाई पपई घेऊन आली. तिच्या मागून दुसरी शहाळं घेऊन. आत्या अंगणात बसून लसूण सोलत होत्या. बायका त्यांच्यासमोर बसल्या, त्यांच्या तोंडाकडं बघत राहिल्या आणि एकमेकींकडं बघून मान हलवली. एकीनं आत्यांच्या पायाला हात लावला. गावातले एक वडीलधारे गृहस्थ दारात आले, टोपी काढून उभे राहिले आणि काही न बोलता गेले.

"ही माणसं मला असं का बघायलीत?" आत्यांनी मला विचारलं. "माझ्या तोंडाला काय लागलंय का?"

मी दुकान उघडायला गेले. तेवढ्यात दुकानात एकानं गल्ल्यावर वाकून हळूच विचारलं, "म्हातारीला टेमरटी झालीया म्हनं? रक्तातली असती का वो ती?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी लगेच त्याला सांगितलं, आजार नाही, इंग्रजी शब्द आहे, धाडसाला म्हणतात. तो म्हणाला, "बरं बरं. आजीला कळू द्यायचं नसंल तर मी न्हाय बोलत." मी शिलाईवाल्या वहिनींकडं पळाले. त्यांना नीट समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "माझ्यापसनं काय लपवायलाव? माझ्या चुलत्याचं बी आमी असंच लपवलं हुतं." जेवढं मी नाही म्हणत होते तेवढा आजार वाढत होता. दुपारपर्यंत पपया इतक्या झाल्या की मालक म्हणाले, दुकानात विकायला ठेवू का?

त्याच दिवशी मॅडमचा निरोप आला. त्यांनी लिहिलं होतं, माझं वाक्य बरोबर नाही. टेमेरिटी कुणाला अशी नुसती नसते, ती काहीतरी करण्याची असते. 'ताप आहे', 'खोकला आहे' तसा हा शब्द वापरू नये, ऐकणाऱ्याला आजार वाटेल. मी फोन उलटा करून ठेवला.

आत्यांना खरं काय ते मालकांनी सांगितलं. त्या पपईची फोड खात होत्या. खाऊन झाल्यावर म्हणाल्या, "मला एक सांग. तुझ्या बायकोला मराठी का पुरत न्हाय?"

तिसऱ्या प्रहरी सोलापूरहून नणंदबाई आल्या, गाडी करून. त्या मालकांपेक्षा मोठ्या, मी त्यांना ताई म्हणते. दारातच मालकांवर कडाडल्या, "अव्वाला एवढं झालंय आन मला गावातली माणसं फोन करून सांगायलीत?" मी पुढं होऊन समजावायला लागले. "वहिनी, तुम्ही मधी बोलू नका. कोणत्या स्टेजला हाय तेवढं सांगा." आत्या स्वतः म्हणाल्या की मला काही झालं नाही. ताई रडायलाच लागल्या, "बघा, तिलाबी तुम्ही सांगितलेलं न्हाय."

शेवटी सगळे नळदुर्गला डॉक्टरकडं गेलो. आत्या पुढच्या सीटवर, खिडकीतून बाहेर बघत, मजेत. गाडीत बसायला त्यांना आवडतं. डॉक्टर तरुण होते. ताईंनी खुर्चीत बसायच्या आधीच सांगितलं, "डॉक्टर, हिला टेमेरिटी झालीया."

डॉक्टरांचा पेन थांबला. "असं कुणी सांगितलं?"

ताईंनी माझ्याकडं बोट केलं. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं: ग्रुप, मॅडम, मांजर, हायवे, हात दाखवणं, शिलाईवाल्या वहिनी. डॉक्टर बराच वेळ टेबलावरच्या कागदाकडं बघत होते. त्यांचे खांदे हलत होते. मग त्यांनी आत्यांची नाडी बघितली, बीपी बघितलं, छातीला नळी लावली. "बीपी माझ्यापेक्षा चांगलं आहे," ते म्हणाले. "आणि ताई, तुमच्या वहिनी सांगतायत ते खरं आहे. तो आजार नाही. शब्द त्यांनी बरोबर जागी वापरलाय."

मी ताईंकडं बघितलं. माझी मान पुन्हा बारावीतल्यासारखी वर गेली. ती तिथं फार वेळ राहिली नाही. डॉक्टर पुढं म्हणाले, "पण ह्या वयात चौपदरी रस्ता ह्या अशा ओलांडत असतील, तर ते मात्र आजच्या आज थांबवा. एखादा थांबणार नाही. रोज कुणी ना कुणी येतंच आमच्याकडं हायवेवरून."

आत्यांनी पदर सावरला.

ताईंना हे हायवेचं माहीतच नव्हतं. परतताना गाडीत त्यांनी विचारलं, "अव्वा, तू ट्रकाला हात दाखवून रस्ता पार करतीस?"

"मग काय पाय दाखवू?" आत्या म्हणाल्या.

पण ताई ऐकणाऱ्या नव्हत्या. त्यांनी आत्यांना सोलापूरच्या नातवाची शपथ घातली: हायवेवर पाय ठेवायचा नाही. आत्यांनी शपथ घेतली. घरी आल्यावर मी त्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, "आत्या, माझ्यामुळं झालं हे सगळं." त्या म्हणाल्या, "सुम्न कुंद्र." म्हणजे गप बस. कानडीत.

त्यानंतर त्या रोज दुपारी दुकानाच्या पायरीवर येऊन बसायला लागल्या. पिशवी काखेतच. दोन ट्रकांच्या मधे फट पडली की खालांच्या घराचे पत्रे दिसायचे, तेवढंच त्या बघायच्या. मी म्हणाले, बोगद्यातून मालक तुम्हाला गाडीवर नेऊन सोडतील. "मी काय पार्सल हाय व्हय?" एवढंच उत्तर. फोन लावून द्यावा तर खालांना फोनवर ऐकू येत नाही. आठवडाभर हे चाललं. मी माझ्या जिभेला शिव्या देत साखर तोलत होते, आणि आत्या पायरीवरून हलत नव्हत्या. एक दिवस पलीकडं जाणाऱ्या भाजीवालीजवळ मी निरोप दिला, "खालांना सांगा, आत्या बऱ्या हायत." माणसानं अनुभवातून शिकावं म्हणतात. 'बऱ्या हायत' हे वाक्य ह्या गावात काय काम करतं ते मला तोवर कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तूरडाळ तोलत होते. सहज मान वर केली, तर दुभाजकावर कण्हेरीला धरून कुणीतरी उभं. हिरवी साडी, डोक्यावरून पदर, हातात स्टीलचा डबा. खाला. पलीकडचा अर्धा रस्ता त्यांनी कसा पार केला देव जाणे. आता अलीकडचा अर्धा त्यांच्यापुढं होता, आणि त्या खालीही उतरू शकत नव्हत्या, मागंही जाऊ शकत नव्हत्या. एक ट्रेलर त्यांच्या अगदी जवळून गेला. पदर उडाला. त्यांनी डोळे मिटून घेतलेले मला इतक्या लांबून दिसले.

मी डाळ तशीच टाकली आणि पळाले. पायात चप्पल नव्हती. रस्त्याच्या कडेला आले आणि हात वर केला. आत्यांच्या हातात जी हुकमत होती ती माझ्या हातात नव्हती. वर्गात करंगळी दाखवून बाहेर जायची परवानगी मागावी तसा तो हात होता. पण पाय पुढं पडत गेले. एक ट्रक करकचून थांबला, मागून दुसऱ्याचे हॉर्न. पहिल्या ड्रायव्हरनं मान बाहेर काढून तेलुगूत बरंच काही सुनावलं. मला तेलुगू येत नाही, ह्याचं त्या दिवशी फार बरं वाटलं. दुभाजकावर चढले आणि खालांचा दंड धरला.

"खाला, हितं कसं आलाव तुम्ही?"

"पाँव से आयी," त्या म्हणाल्या. "वो मरने लगी बोले सब. मैं क्या घर में बैठूँ?"

तेवढ्यात मागून ओरडणं ऐकू आलं. वळून बघितलं तर आत्या. शपथ पायरीवर ठेवून, पंजा दाखवत, नेहमीच्या चालीनं, थांबलेल्या ट्रकांच्या पुढून सरळ येत होत्या. त्या वर चढल्या आणि मागं रस्ता पुन्हा सुरू झाला. आम्ही तिघी दुभाजकावर, दोन्हीकडून गाड्या.

खालांनी आत्यांच्या तोंडावरून हात फिरवला, खांदे चाचपले. "क्या हुआ गे तेरेकू?"

"मला काय धाड भरलीया? तुला मरायचं हाय का हितं येऊन? गुडघे बघ आपले!"

"तू आयी नहीं सो मैं आयी. कौनसी बीमारी है बोल."

आत्यांनी माझ्याकडं बोट केलं. "हिला इचार."

मी हॉर्नच्या आवाजात ओरडून सांगितलं, "खाला, बीमारी नहीं है! अंग्रेजी है!"

खाला दचकल्या. "अंग्रेजी? फिर तो इसका इलाज नहीं."

आत्या हसायला लागल्या. आधी पदराआड, मग उघड. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी त्यांना असं पोट धरून हसताना बघितलं नव्हतं. मी खालांना अर्थ समजावला, पुढचामागचा विचार न करता जी हिंमत करतात त्याला म्हणतात. खालांनी शांतपणे ऐकलं. "वो तो इसकू पैले से है," त्या म्हणाल्या. "गाव में सबको मालूम. तू नया क्या बोली?"

दोघी दुभाजकाच्या कठड्यावर टेकल्या. खालांनी डबा उघडला. गुळाचा मलिदा होता, आजारी माणसासाठी केलेला. रोग्यानं तो तिथंच खायला घेतला. मी दोघींच्या पुढं हात पसरून पोलिसासारखी उभी. एसटीतून माणसं माना वळवून बघत होती. एक पोरगा पलीकडून मोबाईलवर व्हिडिओ काढत होता. मालक अलीकडं उभे राहून ओरडत होते, "इकडं या!" आत्या म्हणत होत्या, हिला तिकडं सोडायचं. खाला म्हणत होत्या, मैं आयी सो चाय पीकेच जाऊँगी. शेवटी मालक ओरडले, "कुठल्याबी बाजूला या, पर या!"

अखेर त्यांनी उसाच्या ट्रॅक्टरवाल्याला थांबवलं. त्यानं दोन ट्रॉल्या रस्त्यात तिरक्या लावल्या, आणि त्या आडोशानं आम्ही तिघी उतरलो. खालांना मालकांनी जवळजवळ उचलूनच आणलं. रस्ता झाल्यापासून त्या पहिल्यांदा आमच्या घरात आल्या होत्या. आत जाऊन त्यांनी सगळं बघितलं: फरशी बदललेली, देवघर हललेलं, माझ्या लेकीचा फोटो. "कितना बदल गया गे," म्हणाल्या, आणि चहात भरपूर साखर मागितली.

व्हिडिओ त्यांच्या चहाच्या आधी सोलापूरला पोचला. ताईंचा फोन आला. "वहिनी, तुम्हीसुद्धा?" मी चहाखालचा गॅस बारीक केला. मग म्हणाल्या, "खाला नीट पोचल्या का?"

"पोचल्या."

"अव्वा काय करायलीय?"

"दोघी खाटंवर आडव्या झाल्यात. बोलायल्यात."

"बोलू द्या," ताई म्हणाल्या.

संध्याकाळी मालकांनी खालांना टेम्पोनं बोगद्यातून घरी सोडलं. आत्या बरोबर गेल्या. पार्सलचा मुद्दा त्या दिवशी निघाला नाही. पण मालकांना रोज दुकान सोडून जाता येणार नव्हतं. मग मी गोदामात पोत्याखाली झाकून ठेवलेली लेकीची स्कूटी बाहेर काढली. ती मला येत नव्हती. शाळेच्या मैदानावर शिकायला गेले. पहिल्या दिवशी मुरमाच्या ढिगात गेले, दुसऱ्या दिवशी ढीग चुकवून कडुलिंबाला टेकले. पोरं बघायला जमायची. शिलाईवाल्या वहिनींनी मला पंजाबी ड्रेस शिवून दिला, साडीत जमणार नाही म्हणून, आणि पैसे घेतले नाहीत. बिचारीच्या मनात अजूनही थोडी शंका होती.

ग्रुप मी सोडला नाही. पण आता मॅडमनं शब्द पाठवला की तो आधी मालकांना सांगते. त्यांनी मराठीत काय ते सांगितलं की मग ठरवते, घराबाहेर न्यायचा का नाही.

आता रोज दुपारी आत्या मागं बसतात, एका बाजूला दोन्ही पाय घेऊन, माझा खांदा घट्ट धरून. आम्ही सर्व्हिस रोडनं जातो. बोगद्यात नेहमी दोन-तीन कुत्री झोपलेली असतात, तिथं मी गाडी इतकी हळू करते की पाय टेकवत चालवावी लागते. वर हायवेवरून ट्रक जातात, डोक्यावर धडधड ऐकू येते. खालांच्या दारात मीही चहा घेते. दोघी कुणाकुणाची आठवण काढतात. त्यातली निम्मी माणसं मला माहीत नाहीत. मी ऐकत बसते.

परवा बोगद्याच्या तोंडाशी मी थांबले होते, कुत्री उठायची वाट बघत. सहज विचारलं, "आत्या, ट्रकाला तुम्ही कधी भ्यालाव न्हाय. माझ्या मागं बसाया भ्या वाटत न्हाय का?"

"वाटतंय की," आत्या म्हणाल्या. "ट्रकवाल्याला चालवाया येतंय." आणि मागून पिशवी हलवून त्यांनी स्वतःच कुत्र्यांना हाकललं.